टाकळाच आहे तो

सासूबाईंनी आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा काही मागितलं ते जुलैत, आणि मागितलं ते अंगणातलं तण.

तोवर त्यांना गाझियाबादला येऊन तीनेक महिने झाले होते. कोकणातल्या घरी मागच्या दारच्या पायरीवरून त्या पडल्या, मनगट मोडलं, आणि माझा नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. निघताना मायलेकांचा तह झाला होता. हात बरा झाला आणि तब्येत धड राहिली, तर दिवाळीनंतर परत पोचवायचं. गाडीत बसण्याआधी त्यांनी हे त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं म्हणे. सासरे गेल्यापासून त्या तिथे एकट्याच राहत होत्या. दोन खोल्या, मागे विहीर, चार माड, आणि हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. आम्ही "आता इकडेच राहा" म्हटलं की त्या "बघू" म्हणायच्या. त्यांचं "बघू" म्हणजे "नाही", हे कळायला मला लग्नानंतर बरीच वर्षं लागली होती.

हात बरा झाला, पण जेवण सुटलं. दोन घास खायच्या आणि ताट पुढे सारायच्या. "पुरे," म्हणायच्या. "भूक नाही." रक्त तपासून झालं, पोटाची सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, जागा बदलली की या वयात असं होतं, मन रमवा. आता मन कसं रमवायचं ते काही त्यांनी लिहून दिलं नाही. गालफडं बसली, ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. नवरा रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की त्यांच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "आई, तू अशी वाळत चाललीस तर तुला एकटीला कशी सोडू मी?"

यातलं मला छळत होतं ते हेच. घरी जायचं तर खायला हवं, हे त्यांना कळत होतं. घरी जायचं होतं यात तर शंकाच नव्हती. तरी त्या खात नव्हत्या. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि कुठे ते सापडत नव्हतं, आणि असं काही घरात असलं की मला एका जागी बसवत नाही. माझा स्वभावच तसा आहे. नळ गळत असेल तर मी प्लंबर येईपर्यंत त्याच्यासमोर उभी राहते.

आणि एक सांगून टाकते. त्यांनी परत जावं असं मलाही वाटत होतं. माझं त्यांच्याशी भांडण नव्हतं, पण आमचं घर लहान, मुलगी कॉलेजात, आम्ही दोघं सकाळी मेट्रोने दिल्लीला जाणार ते अंधार पडता परत येणार. दिवसभर बंद घरात ही बाई एकटी बसून राहते, हा विचार मला ऑफिसात फाइल वाचू द्यायचा नाही. त्या घरी गेल्या असत्या तर त्यांचं घर त्यांना मिळालं असतं आणि माझं डोकं मला.

जेवणावरून आमची कुरबुर व्हायचीच. आमच्याकडे सगळं टेबलावर मांडलेलं असतं, ज्याने त्याने घ्यावं. त्यांना मी वाढून द्यायची, पण घाईत, हाताला येईल तसं. त्या ताटावर हात धरून विचारायच्या, "मीठ कुठे वाढलंस?"

"आहे ना पानात."

"डावीकडे वाढावं गं. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे. भाजी उजवीकडे. भात मधे."

मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याही माहेरी सणावाराला पान तसंच वाढायचे. पण रोज सकाळी सव्वाआठची मेट्रो गाठणाऱ्या बाईला सासूने डावं-उजवं शिकवावं, याने माझं डोकं सणकायचं. मी "हो आई" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी चटणी पुन्हा भाताच्या डोक्यावर.

तर जुलै. आमच्या घराला मागे एक अंगण आहे, अंगण म्हणजे भिंतीने वेढलेला फरशीचा तुकडा. तिथली पाण्याची पाइपलाइन फुटली होती म्हणून उन्हाळ्यात कोपऱ्यातल्या चार फरश्या उचलल्या आणि परत बसवायच्या राहून गेल्या. पाऊस पडल्यावर त्या मातीत नाही नाही ते उगवलं. सासूबाई संध्याकाळी मागच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. एकदा मी दोरीवरचे कपडे काढत होते तर त्या म्हणाल्या, "टाकळा आलाय तुझ्या दारात."

मी वळून बघितलं. वीतभर उंचीची दहा-बारा रोपटी होती, हिरवीगार.

"आता दिवेलागणीला बघ, पानं मिटून घेईल," त्या म्हणाल्या. आणि खरंच, अंधारायला लागलं तशी पानं जोडीजोडीने मिटली. त्यांनी हात लांब करून एक पान चुरगळलं, नाकाशी नेलं. "वास येतोच त्याला. शिजला की जातो. चण्याची डाळ भिजत घाल, ओलं खोबरं घाल वरून. उद्या कर. मी खाईन."

हे शेवटचे दोन शब्द ऐकून नवरा आतून बाहेर आला. तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून ते आले नव्हते. "बिल्कुल करू," तो म्हणाला. "उद्याच करू. आई, अजून काय हवं?" त्याचा चेहरा असा खुलला होता की मला आधी बरं वाटलं आणि मग रागच आला. मी करत होते त्या पोळ्या, ती आमटी, ती पेज, ते सगळं वाया आणि हे तण गोड.

पण मी दुसऱ्या दिवशी भाजी केली नाही.

मी वाढले पुण्यात. पालेभाजी म्हणजे मेथी, पालक, शेपू, अंबाडी, आणि ती जुडीने येते. टाकळा मी सासरी एकदोनदा खाल्ला होता, तोही शिजलेला. शिजलेली पालेभाजी काय, सगळी सारखीच दिसते. समोर उगवलेलं हे रोप टाकळाच आहे हे मला कुठून कळणार? आणि जे मला ओळखता येत नाही ते मी कुणाच्या ताटात घालत नाही. नवरा म्हणाला, "अगं, तिने जन्मभर टाकळा खुडलाय. ती सांगते ना."

"सांगतात. पण हे कोकण नाही."

"टाकळ्याला काय माहीत कोकण कुठे आहे?"

मुलीने तिच्या फोनवरच्या ॲपने फोटो काढला. "मम्मा, हे सेन्ना सांगतंय. सेन्ना काय असतं?" दुसऱ्या दिवशी त्याच पानाला त्याच ॲपने वेगळंच नाव दिलं, तिसऱ्या दिवशी शेंगदाणा म्हणालं. मी तिला म्हटलं, हे बंद कर. ती म्हणाली, "यार, आजी को पता है तो खाने दो ना." तिला मराठी येतं, पण टाकळा, शेपू, अंबाडी हे सगळं तिच्या लेखी 'हरी सब्जी'.

फोटो घेऊन मी ऑफिसला गेले. आमच्या सेक्शनमध्ये चार राज्यांची माणसं आहेत. डब्याच्या वेळेला मी फोन टेबलावर ठेवला. केरळची बाई बघताक्षणी म्हणाली की हे आमच्याकडे खातात, आई नारळ घालून करते. नागपूरचे साहेब म्हणाले, "तरोटा आहे हो, आमच्याकडे पावसाळ्यात रानोमाळ." ओडिशाचा एक जण म्हणाला की आमच्याकडे पण असतो, नाव विसरलो. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्यांच्याकडे बघत होते, फोटोकडे नीट कुणीच बघत नव्हतं. बघितल्या बघितल्या प्रत्येकाला आपलं गाव आठवलं होतं आणि मग पुढे सगळे गावाबद्दलच बोलत राहिले. फोटो तसा हललेलाच होता. त्यात मेथी आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं.

परत येताना मेट्रोत उभ्या उभ्या मी दोन रोपांची वर्णनं वाचत होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेजारच्या बाईने जागा झाली म्हणून बस म्हटलं तरी बसले नाही.

दोन रोपं का, तर मधे एकदा शेजारीण भिंतीवरून बोलली होती. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, मूळच्या इथल्याच पश्चिम उत्तर प्रदेशातल्या. मी कोपऱ्यात उकिडवी बसलेली बघून त्यांनी विचारलं, काय हरवलं? मी रोप दाखवलं. त्या भिंतीपलीकडून मान लांब करून बघत राहिल्या.

"या तो चकवड़ है या कसौंदी," त्या म्हणाल्या. "चकवड़ तो लोग खा लेते हैं. कसौंदी हो तो मत खाना. हमारे गाँव में बच्चों को उसके पास नहीं जाने देते थे, बीज खा लें तो बहुत बीमार पड़ते हैं."

"मग हे कुठलं?" मी विचारलं.

"अभी छोटा है जी. फूल-फली आए तो बता दूँ."

फूल-शेंग येईपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता. सासूबाई रोज विचारत होत्या. "झाली का डाळ भिजवून?" मग "आता जून होईल हो, कोवळा असतानाच खातात." मग नुसतंच "राहू दे." ते "राहू दे" ऐकलं की नवरा माझ्याकडे असा बघायचा की जणू त्याच्या आईच्या तोंडचा घास मीच काढून घेतला. ताट तसंच परत यायचं. मी सकाळी उठून आधी कोपऱ्यात जायचे, मग चहा. त्या आठवड्यात मी दोनदा पोळी करपवली.

वाचून माझ्या लक्षात एवढं आलं होतं की चकवड़ म्हणजेच आपला टाकळा, आणि तो आणि कसौंदी अगदी सख्खे. दोघांची पानं संध्याकाळी मिटतात, दोघांना वास येतो. फरक पानात. टाकळ्याच्या एका काडीवर पानांच्या तीनच जोड्या, टोकं गोल. दुसऱ्याच्या जोड्या जास्त आणि टोकं अणकुचीदार. शिवाय दुसऱ्याच्या देठाच्या अगदी बुडाशी एक बारीक गाठ असते, टाकळ्याची ती वर, पानांच्या जोडीमधे. मी जाऊन बघितलं. जोड्या कुठे चार, कुठे पाच. टोकं निमुळती. गाठ बुडाशी.

तरी माझा माझ्यावर विश्वास बसेना. मी फोनवर वाचून शिकलेली, त्या जन्मभर खुडलेल्या. कुठल्यातरी रोपाच्या जोड्या कमी-जास्त असतील, इथल्या मातीत टोकं लांबत असतील, मला काय कळतंय? खरं सांगायचं तर तो टाकळाच असावा अशी माझी इच्छा होती. तो टाकळा असता तर त्या जेवल्या असत्या, अंगावर मांस चढलं असतं, आणि दिवाळीनंतर सगळ्यांचं सगळं मार्गी लागलं असतं.

रविवारी सकाळी मी ठरवलं की सरळ त्यांनाच विचारायचं. नवरा बाजारात गेला होता, मुलगी झोपली होती. त्या मागच्या दारात, उन्हात बसल्या होत्या. मी एक डहाळी खुडून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पायरीवर बसले.

"आई, मला शिकवा. टाकळा कसा ओळखायचा?"

त्या खूश झाल्या. कुणी काही शिकवा म्हटलेलं त्यांना बहुधा बऱ्याच दिवसांत ऐकू आलं नव्हतं. डहाळी त्यांनी देठाला धरून उचलली आणि माझ्यासमोर धरली. "हे बघ. काडीला तीन जोड्या. सहा पानं. जास्त नाही, कमी नाही. आणि टोक गोल, नखासारखं. टोकाला रुंद, देठाकडे निमुळतं होत जातं. दिसलं?"

त्या हातात धरून दाखवत होत्या त्या काडीवर दहा पानं होती. दहाच्या दहा टोकदार.

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. मग वाटलं वयाने गोंधळ होतोय. पण शब्दात कुठे गोंधळ नव्हता, मी वाचलं होतं तेच आणि त्याहून नीट त्या सांगत होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या डहाळीकडे बघत नव्हत्याच. डहाळी जिथे होती त्याच्या थोडं बाजूला बघत होत्या.

"गोल आहे ना?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि दुसऱ्या हाताचं बोट पानावरून पुढे नेलं.

बोट टोकाशी आलं आणि थांबलं. त्यांनी ते मागे नेलं, दुसऱ्या पानावर ठेवलं, पुन्हा टोकापर्यंत आणलं. मग काडीवरून खाली येत जोड्या चाचपल्या, अगदी देठाच्या बुडापर्यंत. सावकाश डहाळी मांडीवर ठेवली.

"कासविंदा आहे हा," त्या म्हणाल्या.

शेजारणीचं कसौंदी ते हेच. रोपाचा प्रश्न सुटला होता.

"आई, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं की."

"काय दिसतं?"

त्यांनी मांडीवरची डहाळी चाचपली. "हिरवं दिसतं," म्हणाल्या.

मग एकेक बाहेर आलं. मी विचारत गेले आणि त्या उत्तरं देत गेल्या, माझ्याकडे न बघता. डावा डोळा बऱ्याच दिवसांपासून नावालाच होता. उजव्याने उजेड, रंग, माणूस आहे की खुर्ची एवढं कळायचं. पायरीवरून पडल्या त्या पाय घसरून नव्हे, पायरी दिसली नाही म्हणून. गावात काही अडत नव्हतं. चूल कुठे, माठ कुठे, विहिरीचा कठडा किती पावलांवर, सगळं हाताला आणि पायाला ठाऊक. तिथे त्या स्वतःचं पान स्वतः वाढून घ्यायच्या, मीठ डावीकडे, भाजी उजवीकडे, भात मधे, आणि खाली न बघता जेवायच्या.

"इथे तुझ्या ताटात कुठे काय ते समजत नाही गं," त्या म्हणाल्या. "एकदा भात म्हणून घास घेतला तर लोणचं. एकदा आमटीची वाटी कलंडली, तुला वाटलं हात थरथरला. सगळ्यांसमोर चाचपडत कसं खायचं? त्यापेक्षा भूक नाही म्हटलेलं बरं."

मला इतकं वाईट वाटलं की त्याचा रागच झाला. "सांगायचं नाही का एका शब्दाने? आम्ही इथे तुमच्या पोटाच्या तपासण्या करतोय."

"सांगितलं असतं तर त्याने दिवाळीनंतर सोडलं असतं मला?"

त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी असा हात धरल्याचं मला आठवत नाही. "त्याला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "तू पान नीट वाढ, मी जेवते. वजन वाढेल. मग जाईन. तुलाही सुटका."

तेही त्यांना माहीत होतं. मी हात सोडवून घेतला आणि ती सगळी रोपं मुळासकट उपटून काढली. त्या बसून ऐकत होत्या.

दुपारी मी पान वाढलं. स्टीलचं मोठं ताट काढलं, मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, दुधी भोपळ्याची भाजी उजवीकडे, आमटीची वाटी तिच्याजवळ, भात मधोमध. त्या जेवल्या. भात दुसऱ्यांदा घेतला. बोटं इकडून तिकडे अचूक जात होती, कुठे अडखळणं नाही. नवरा बघत राहिला. तो टाकळा नव्हता एवढंच मी त्याला सांगितलं होतं.

"बघ, टाकळ्याशिवाय पण जेवली," तो म्हणाला. "आई, अशीच जेवलीस तर दिवाळीनंतर नक्की. चलो, मी तिकिटांचं बघून ठेवतो."

सासूबाईंनी माझ्या दिशेने मान केली. मी ताटं उचलायला लागले.

पुढचे काही दिवस मी नुसती येरझाऱ्या घालत होते. सगळं जमून आलं होतं. कुणाला काही कळणार नव्हतं. त्या जेवत होत्या, चेहऱ्यावर थोडी टवटवी आली होती, नवरा खूश होता, आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. मी मनात त्यांच्या बाजूने भांडायचे. त्यांचं घर, त्यांचा जीव, आजवर निभावलंच की. मग मला ती विहीर दिसायची, तो कठडा गुडघ्याएवढाच आहे. पायरी दिसायची. पावसात दाराशी आलेलं हिरवं काहीतरी दिसायचं, आणि ते खुडायला वाकलेल्या सासूबाई. इथे मी पायरीवर बसले होते म्हणून त्यांनी बोट टोकापर्यंत नेलं. तिथे त्या सवयीने खुडतील, धुतील, डाळ घालून शिजवतील. खायच्या आधी पान कुणाला दाखवायला जाणार आहेत? मी ऑफिसात एकाच पत्रावर तीनदा सही करून ठेवली.

गुरुवारी संध्याकाळी मी नवऱ्याला मेट्रो स्टेशनवर गाठलं आणि घरी पोचेपर्यंत सगळं सांगितलं. तो रस्त्यातच थांबला. आधी म्हणाला शक्य नाही, ती मला नावाने हाक मारते, बघून. मग म्हणाला आवाजावरून मारत असेल. मग चालायला लागला. शेवटी तो मला म्हणाला, "मोतीबिंदू असेल. ऑपरेशन केलं की झालं. यात लपवायचं काय होतं?" त्याच्या तोंडून ते ऐकून मलाही हायसं वाटलं. मोतीबिंदू. छोटंसं ऑपरेशन, काळा चष्मा, आठवड्याभरात पेपर वाचायचा. दोन दिवस मी स्वतःला सांगत राहिले की मी त्यांचं भलंच केलं. दिवाळीनंतर त्या डोळे घेऊन जातील.

सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय म्हटल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "सांगितलंस तर." आणि कपडे बदलायला आत गेल्या.

डॉक्टर तरुण होती, समजावून सांगणारी. मोतीबिंदू आहे, ती म्हणाली, उजव्या डोळ्याचा काढू, थोडं उजळेल. पण मागे काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, खूप जुना. "जो चला गया, वो वापस नहीं आएगा. जो बचा है उसे बचाएँगे. ड्रॉप्स एक भी दिन छूटने नहीं चाहिए. और अकेली तो बिल्कुल नहीं रहेंगी." हे ती नवऱ्याशी बोलत होती, पण खोली लहान होती आणि सासूबाईंना हिंदी कळतं.

नवऱ्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, आता काही काळजी करू नकोस. आता तू इथेच." आवाजात प्रेम होतं आणि निर्णयही झालेला होता. त्या "बघू" म्हणाल्या नाहीत.

तो खाली औषधं घ्यायला गेला. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून डोळे मिटलेले, त्यावर काळा चष्मा. समोर माणसांची ये-जा चालली होती. मला काहीतरी बोलायचं होतं. ऑपरेशननंतर थोडं दिसायला लागलं की आपण दोघी गावी जाऊन येऊ, मी रजा काढेन, असलं काहीतरी मी मनात जुळवत होते.

"तू त्या झाडाच्या इतकी मागे का लागलीस?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"फोनात बघितलंस, ऑफिसात दाखवलंस, शेजारणीला विचारलंस. मी सांगितलं होतं टाकळा आहे. दिला असतास शिजवून."

"आजारी पडला असतात, आई."

"पडले असते," त्या म्हणाल्या. "बरी झाले असते. आणि घरी गेले असते."

त्यांचा आवाज चढला नव्हता. उत्तर माझ्याजवळ होतं. विहीर, पायरी, चूल, रोजचे थेंब, सगळं मला पाठ होतं. पण ते सगळं माझ्या आधीपासून त्यांना पाठ होतं, आणि तरीही त्यांना जायचं होतं.